परमुलखातील वऱ्हाडी सण

अमरावती आणि अकोला हे वऱ्हाडचे दोन जिल्हे मराठी माणसाच्या परदेशगमनाच्या इतिहासात फारसे आढळत नाहीत. कोकणातून मॉरिशसला गेलेले मजूर, मुंबईहून विलायतेला गेलेले विद्यार्थी आणि पुण्याहून अमेरिकेला गेलेले अभियंते यांच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु पूर्णेच्या खोऱ्यातील कपाशीच्या काळ्या जमिनीवरून उठून समुद्रापार गेलेल्या कुटुंबांनी तेथे आपले सण, कुळाचार आणि घरातील मंगलकार्ये कशी निभावली, याच्या नोंदी विखुरलेल्या राहिल्या. त्या एकत्र ठेवून पाहिल्या असता दोन वेगळ्या धारा दिसतात. एक धारा सभागृहांतून वाहते. तिच्यात भाषणे, मंडळे आणि जाहीर जेवणावळी आहेत आणि तिची दखल वृत्तपत्रांनी व अहवालांनी घेतली आहे. दुसरी घराच्या आत, देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये वाहते. तिची कागदपत्रे म्हणजे सासरी-माहेरी गेलेली पत्रे आणि सुनेने वहीत उतरवून घेतलेली नैवेद्याची यादी. इतिहासलेखनाने आजवर पहिल्या धारेला झुकते माप दिले. सण परमुलखात टिकले ते मात्र मुख्यतः दुसऱ्या धारेमुळे.

वऱ्हाडचे सणवार मातीला किती घट्ट बांधलेले आहेत, हे येथे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पोळा हा शेतकऱ्याच्या घरचा सर्वांत मोठा सण. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, म्हणजे वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी किंवा तूप आणि हळद चोळतात, आणि त्याच वेळी बैलाच्या कानाशी दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण, म्हणजे आमंत्रण, दिले जाते. अमावास्येला शिंगांना बेगड लावून आणि पाठीवर झूल घालून बैल गावाच्या आखरावर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीने उभे करतात. झडत्या, म्हणजे गावच्या आणि वर्षाच्या घडामोडींवरची चुरशीची पद्ये, एकमेकांना ऐकवली जातात. मग तोरण तुटून पोळा फुटतो आणि बैल घरोघरी ओवाळून घ्यायला निघतात. यातील एकही गोष्ट बैलाशिवाय, गावाशिवाय आणि त्या बैलाबरोबर राबलेल्या माणसाशिवाय होऊ शकत नाही. भुलाबाईचेही तसेच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागिरीपर्यंत, मुली भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्तींपुढे रोज संध्याकाळी गाणी म्हणत घरोघर फिरतात, झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखतात, आणि शेवटच्या दिवशी ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मखर उभा करतात. ज्या दिवसांत शेतात ज्वारी उभी असते आणि ज्या गल्लीत दहा घरच्या मुली एकमेकींना ओळखतात, तेथेच हा खेळ रंगतो. दसऱ्याला सीमोल्लंघन, बोलीत शिलंगण, करायचे तर आधी गावाला सीमा असावी लागते.

असे असले तरी परमुलखात राहून सण पाळणे ही गोष्ट वऱ्हाडला अपरिचित नव्हती. वऱ्हाडने ती आधी यजमान म्हणून पाहिली. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाल्यावर वऱ्हाडी कापसाला अपूर्व भाव आला, आणि त्याच दशकात आगगाडी येऊन अमरावती, अकोला व खामगाव ही मोठी कापूस-बाजारपेठेची गावे झाली. या भरभराटीबरोबर मारवाडी सावकार, गुजराती आणि कच्छी व्यापारी, देशावरून आलेले कारकून व वकील आणि गोरे अधिकारी येथे स्थिरावले, आणि प्रत्येकाने आपापली पंचांगे व देवघरे सोबत आणली. गणगौरीच्या दिवसांत मारवाडी स्त्रिया अकोल्याच्या पेठेत गौरीची पूजा करीत, ती राजस्थानातील एखाद्या खेड्याच्या आठवणीवर चाललेली असे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. अमरावतीच्या रामपुरी कॅम्पसारख्या वस्त्यांत झुलेलालाचा चेटीचंड, म्हणजे चैत्र शुद्ध द्वितीयेचा सिंधी नववर्षाचा सण, गुढीपाडव्याच्या लगोलग साजरा होऊ लागला, आणि सिंधूच्या पाण्याला वाहायचा दिवा वऱ्हाडच्या तळ्या-नद्यांत सोडला जाऊ लागला. नदी बदलली तरी दिवा चालतो, हा धडा वऱ्हाडने या शेजाऱ्यांच्या घरी प्रत्यक्ष पाहिला होता. स्वतःची माणसे परदेशी गेली तेव्हा त्याचा उपयोग झाला की नाही, हे सिद्ध करणे अवघड आहे, पण दोन्ही अनुभवांतले साम्य डोळ्यांआड करण्यासारखे नाही.

वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलला पोहोचून चार-पाच दशके झाल्यावर वऱ्हाडचा एक थोर गृहस्थ लंडनला राहायला गेला. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी, नेमका गणेशचतुर्थीला झाला होता, आणि त्यावरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. काही वर्षे सरकारी नोकरी करून १८९० पासून त्यांनी अमरावतीत वकिली केली. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तेराव्या अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते, आणि त्यांच्या दिलदार राहणीमुळे लोक त्यांना वऱ्हाडचे नबाब म्हणत. सार्वजनिक उत्सवाचे राजकीय सामर्थ्य वऱ्हाडात त्यांच्याइतके थोड्यांनी ओळखले होते. १९०८ च्या वैशाखात अकोल्याला शिवजयंतीचा उत्सव झाला, त्यास लोकमान्य टिळक आले आणि शेगावचे गजानन महाराज उपस्थित राहिले, हा प्रसंग वऱ्हाडच्या स्मरणात आजही ताजा आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच, २४ जूनला, टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. महाराजांनी दिलेली ज्वारीची भाकरी प्रसाद म्हणून टिळकांपर्यंत पोहोचविण्यात आली आणि त्या कामी खापर्डे यांचा पुढाकार होता, असे दासगणूंनी ‘श्रीगजाननविजय’ या १९३९ साली रचलेल्या पोथीत सांगितले आहे. प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे तत्कालीन सर्वोच्च अपील न्यायालयात, टिळकांची बाजू नेण्यासाठी खापर्डे त्याच ऑगस्टमध्ये विलायतेला निघाले आणि १९१० च्या शरदापर्यंत तेथेच राहिले.

दोन वर्षांचा हा मुक्काम सणांच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. साठीकडे झुकलेला, मोठ्या वाड्यात माणसांच्या गर्दीत राहणारा आणि ज्याचा वाढदिवस तिथीनुसार गणेशचतुर्थीलाच येतो असा कुटुंबप्रमुख घरच्या गणपतीला हजर नाही, ही त्या काळी लहान बाब नव्हती. कारण पूजेचा संकल्प, म्हणजे देश, काल आणि गोत्र उच्चारून केलेली प्रतिज्ञा, घरच्या कर्त्या पुरुषाने सोडायचा असतो आणि तो नसेल तेव्हा मुलाने किंवा पुरोहिताने त्याच्या वतीने सोडायचा असतो. १९०९ साली श्रावण अधिक आल्यामुळे गणेशचतुर्थी सप्टेंबरच्या मध्यावर गेली, आणि तेव्हा टिळकांचे अपील फेटाळले गेलेले असूनही खापर्डे लंडनमध्ये पुढच्या खटपटीत गुंतलेले होते. समुद्र ओलांडणे हेच मुळी कर्मठ समजुतीप्रमाणे प्रायश्चित्ताला पात्र होते, त्यामुळे परदेशात धार्मिक विधी करावा की परतल्यावर शुद्ध होऊन मग करावा, असा पेच त्या पिढीपुढे असे. या पेचातून बाहेर पडण्याची एक वाट लंडनच्या हिंदी मंडळींनी शोधली, ती सणाला राष्ट्रीय मेळाव्याचे रूप देण्याची.

हायगेट येथील इंडिया हाऊस, श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली सुरू केलेले विद्यार्थिगृह, या वाटेचा उगम होते. १९०८ च्या हिवाळ्यात खापर्डे, बिपिनचंद्र पाल आणि लाला लजपतराय हे तिघेही लंडनमध्ये होते आणि त्याच डिसेंबरात कॅक्स्टन हॉलमध्ये पाल यांच्या अध्यक्षतेखाली गुरू गोविंदसिंहांची जयंती साजरी झाली. पुढच्या वर्षी, २४ ऑक्टोबर १९०९ रोजी, बेजवॉटर भागातील निजामुद्दीन यांच्या उपाहारगृहात विजयादशमीचे भोजन झाले. अध्यक्षस्थानी मोहनदास गांधी होते आणि प्रमुख वक्ते विनायक दामोदर सावरकर. जेवण शाकाहारी असावे आणि वादग्रस्त राजकारण बोलू नये, अशा अटींवर गांधींनी अध्यक्षपद स्वीकारले होते, आणि दोघेही रामकथेवर बोलले. लंडनमधल्या या दसऱ्यात शमी नव्हती, आपट्याची पाने नव्हती, शस्त्रपूजा नव्हती आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे नव्हते. उरली होती ती रामकथा आणि एकत्र बसून घेतलेले अन्न. सणाचा विधी गळून अर्थ तेवढा उरला, म्हणून हा दसरा इतिहासात गेला. परंतु ज्या सणाला घर नाही, स्त्रिया नाहीत आणि मुले नाहीत, तो पुढच्या वर्षी पुन्हा होईल याची शाश्वती नसते. जुलै १९०९ मधील इंग्रज अधिकारी कर्झन वायली यांच्या वधानंतर इंडिया हाऊसचा संसार मोडत आला होता, आणि काही महिन्यांत तेथील तरुण पांगले.

अमरावतीहून परदेशी गेलेल्या पुढच्या पिढीत पंजाबराव देशमुख होते. पापळ या खेड्यातील शेतकरी कुटुंबातून ते १९२० साली शिक्षणासाठी ब्रिटनला गेले, एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकले, वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९२६ साली ते परतले. गावात देवघर आणि देऊळ ज्याच्या लेखी नित्याची गोष्ट होती, तो तरुण परक्या विद्यापीठात त्याच धर्माचे मूळ तपासू लागला. आणि परतल्यावर लगेच, १९२७ साली, अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठीच्या सत्याग्रहात तो पुढे झाला; या दोन गोष्टींचा संबंध जोडणे वावगे ठरणार नाही. नवरात्रात ज्या देवीच्या दर्शनाला सारे शहर लोटते, तिच्या दारातून शहरातील काहींना परत फिरावे लागत होते. लंडनच्या सभागृहातील सणाला कोणतीही जात अडवीत नव्हती. घरचा सण परमुलखातील सणापेक्षा नेहमीच श्रीमंत असतो, ही समजूत या ठिकाणी तपासून घ्यावी लागते.

याच संदर्भात वऱ्हाडातील बौद्ध समाजाचा उल्लेख अगत्याचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्या वर्षीच्या विजयादशमीला, नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धम्मदीक्षा दिली आणि वऱ्हाडातील हजारो कुटुंबांचे वार्षिक पंचांग बदलले. धम्मचक्र प्रवर्तन दिन, बुद्धपौर्णिमा आणि १४ एप्रिलची भीमजयंती हे त्यांचे मोठे दिवस झाले. या दिवसांपैकी भीमजयंती इंग्रजी तारखेने पाळली जात असल्यामुळे परदेशात तिच्यासाठी पंचांगाची अडचण पडत नाही. शिवाय ज्या लंडनमध्ये खापर्डे यांना आपला सण परका वाटावा, त्याच लंडनमध्ये या समाजाला एक स्वतःचे ठिकाण आहे. १० किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ च्या सुमारास विद्यार्थी म्हणून राहिले होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. अमरावती-अकोल्याहून इंग्लंडला गेलेले कुटुंब १४ एप्रिलला त्या दारापुढे उभे राहते, तेव्हा ते आपल्या सणाच्या मूळ स्थळांपैकी एका स्थळी उभे असते. परमुलखातील सणात असा योग क्वचित येतो.

सणातील खेळ सणाशिवाय परदेशी गेले, हाही एक वेगळा अध्याय आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी केली, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. नागपंचमीची कुस्ती, गणपतीच्या मिरवणुकीतले लेझीम आणि दसऱ्याचे दांडपट्ट्याचे हात हे वऱ्हाडात तिथीशी आणि देवाशी जोडलेले असतात. बर्लिनच्या मैदानावर ते शरीरसंस्कृतीचा नमुना म्हणून सादर झाले. १९५५ साली मोझरीचे तुकडोजी महाराज जपानमधील धर्मपरिषदेला गेले, तेव्हा त्यांच्या भजनातील खंजिरीही अशीच आपल्या गावच्या पारापासून दूर वाजली. या दोन्ही प्रसंगांनी वऱ्हाडला प्रतिष्ठा मिळवून दिली यात शंका नाही, पण त्यांनी परदेशात सण रुजविला नाही. रुजण्यासाठी माणसांना तेथे घर करून राहावे लागते.

तशी घरे १९६५ नंतर झाली. अमेरिकेने त्या वर्षी देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडून नवा स्थलांतर कायदा केला, आणि डॉक्टर, अभियंते व शास्त्रज्ञ कुटुंबासह तेथे जाऊ लागले. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ साली आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली सुरू झाले, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या शिक्षणाशिवाय बाहेर जाण्याची वाट वऱ्हाडच्या मुलांसाठी मोकळी होऊ लागली. १९८३ साली शेगाव आणि बडनेरा येथे खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाल्यावर, आणि पुढे संगणकाच्या व्यवसायाने जोर धरल्यावर, ही वाट रुळली. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनच होते; शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ साली निघाले आणि उत्तर अमेरिकेतील मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. या मंडळांनी गणेशोत्सव, दिवाळी आणि संक्रांत या तीन सणांना जाहीर रूप दिले आणि त्यासाठी तिथीऐवजी शनिवार स्वीकारला. शाळेचे किंवा चर्चचे सभागृह सुट्टीलाच मिळते, मुलांना रजा नसते आणि पन्नास मैलांवरून माणसे यायची असतात, या कारणांपुढे पंचांग नमले. त्यात अधर्म पाहणाऱ्यांनी ती सभागृहे भाड्याने घेणाऱ्या पहिल्या पिढीचे कष्ट लक्षात घेतलेले नाहीत. मात्र मंडळाचा सण हा सर्व महाराष्ट्राचा सरासरी सण असतो. त्यात मोदक असतो, वऱ्हाडी रोडगे नसतात. हळदीकुंकू असते, भुलाबाई क्वचितच असते.

वऱ्हाडचे म्हणून जे आहे, ते घरात टिकले, आणि त्यात महालक्ष्म्यांचा मान पहिला. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात त्यांना वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणतात; ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. पितळी किंवा मातीचे मुखवटे उभ्या साच्यावर बसवून त्यांना भरजरी लुगडी नेसवितात, पुढे त्यांची बाळे ठेवतात, धान्याच्या राशी मांडतात, डोक्यावर फुलोरा, म्हणजे करंज्या, पापड्या, वेणी-फणी अशा तळलेल्या पदार्थांची आरास, टांगतात आणि पुरणपोळी, सोळा भाज्या व ज्वारीच्या पिठाची आंबील यांचा नैवेद्य दाखवितात. हा कुळाचार आहे, म्हणजे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाळायचा नेम, आणि त्याचा एक कडक दंडक असा की महालक्ष्म्या कुटुंबात एकाच ठिकाणी, बहुधा थोरल्याच्या घरी, बसतात. धाकटे भाऊ आपापल्या गावाहून तेथे येतात, आणि घरे रीतसर वेगळी झाल्यावाचून वेगळ्या महालक्ष्म्या कोणी मांडत नाही.

परदेशगमनाने या दंडकावर ताण आणला. धाकटा मुलगा अमेरिकेत असेल तर प्रश्न तुलनेने सोपा होता. त्याच्या घरी महालक्ष्म्या नव्हत्याच, त्याने त्या तीन दिवसांत घरी पुरण करावे आणि पाटावर मूळ घरच्या महालक्ष्म्यांच्या नावाने नैवेद्य ठेवावा, एवढ्यावर भागे. पण थोरलाच बाहेर गेला आणि सासूला वयपरत्वे सोळा भाज्या झेपेनाशा झाल्या म्हणजे निर्णय घेणे भाग पडे, आणि तो निर्णय कोणत्याही मंडळाच्या बैठकीत झाला नाही. तो सासू, सुना आणि जावा यांनी आपसांत केला. कोठे मुखवटे धाकट्या जावेकडे गेले आणि थोरलीने आपला हक्क मनापासून सोडला. कोठे थोरल्या सुनेने मुखवटे सामानात घालून नेले आणि साचा तेथे मिळेना म्हणून उभ्या स्टँडवर किंवा डब्यांच्या उतरंडीवर महालक्ष्म्या उभ्या केल्या. कोठे एकाआड एक वर्षी भारतात यायचे ठरले. घराण्याच्या सर्वांत जुन्या नेमात फेरबदल करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती यापूर्वी नावालाही नव्हता, त्या स्त्रियांनी तो अंतरामुळे वापरला आणि जबाबदारीने वापरला. वऱ्हाडच्या कौटुंबिक इतिहासातील ही मोठी घटना आहे.

या पूजेला शनिवारची सोय लागू होत नाही, हेही तिच्या टिकण्याचे एक कारण मानता येईल. चंद्र अनुराधेत शिरण्याचा क्षण साऱ्या जगात एकच असतो. अकोल्यात तो सकाळी आठला आला तर शिकागोत, उन्हाळी वेळेप्रमाणे साडेदहा तास मागे, आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. मग आवाहन तेथील आदल्या रात्री करायचे की तेथल्या दुसऱ्या दिवशी, असा प्रश्न सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरच्या उपाध्यायांना पत्राने विचारला जात असे आणि उत्तर यायला महिना लागे. पुढे परदेशी शहरांची सूर्योदयानुसार पंचांगे सहज मिळू लागली. नैवेद्याची अडचण त्या मानाने लवकर सुटली. ज्वारीच्या उत्पादनात अमेरिका जगात अग्रभागी असून कॅन्सस आणि टेक्सास या राज्यांत तिची अफाट लागवड आहे. तेथे ती बहुतांशी जनावरांसाठी व इंधनासाठी पिकते, तरी पीठ करून विकणारी भारतीय दुकाने निघाल्यावर आंबिलीची सोय झाली. सोळा भाज्यांचा आकडा गाठण्यासाठी ब्रोकोली आणि झुकिनी यांनाही पंगतीत घेतले गेले, आणि देवीने काय खावे याविषयी कोणत्याही सासूने हरकत घेतल्याचे फारसे ऐकू येत नाही.

पोळ्याला असा तरणोपाय नव्हता. नागपूर-वर्धा बाजूला लाकडी बैल सजवून मुलांचा तान्हा पोळा भरतो, त्या धर्तीवर परदेशी घरांत मातीचे किंवा लाकडी बैल पुजले जातात आणि मुलांना त्यांचे कौतुकही असते. परंतु खांदेमळणीला घट्टे पडलेला खांदा लागतो. पोळा हा कृतज्ञतेचा सण आहे, आणि ज्याच्याविषयी कृतज्ञ व्हायचे तो प्राणी समोर नसला म्हणजे मागे केवळ सजावट उरते. ही हानी मोठी आहे आणि तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. वऱ्हाडातच ट्रॅक्टरने बैलजोड्या कमी केल्या असल्यामुळे ही हानी परदेशापुरती राहिलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. दसऱ्याच्या सोन्याची अडचण निराळी: ताजी पाने आणि बियाणे नेण्यास अमेरिकेसारख्या देशांच्या सीमाशुल्क नियमांनी प्रतिबंध असल्यामुळे आपट्याची पाने जात नाहीत, आणि मुले कागदाची जोडपाने कापून सोनेरी रंगवितात. वडिलांच्या हातात ते कागदी सोने ठेवून वाकण्याची रीत मात्र जशीच्या तशी राहिली.

गेल्या काही दशकांत वऱ्हाडी घरांचा परदेशातील सर्वांत एकत्र आणणारा दिवस म्हणजे गजानन महाराजांचा प्रकटदिन होय. माघ वद्य सप्तमीला, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, महाराज शेगावात प्रथम दिसले अशी श्रद्धा आहे, आणि ८ सप्टेंबर १९१० च्या ऋषिपंचमीला त्यांनी समाधी घेतली. प्रकटदिनाला मोठे देऊळ लागत नाही, मूर्तीही लागत नाही. एक तसबीर, एकवीस अध्यायांची पोथी आणि पिठलं-भाकरीचा प्रसाद एवढ्यावर तो होतो, म्हणून तो लवकर रुजला. पोथीचे चक्री पारायण, म्हणजे एकवीस जणांनी रोज एकेक अध्याय वाचून फिरत्या क्रमाने एकवीस दिवसांत प्रत्येकाचे संपूर्ण पारायण करण्याची पद्धत, दूर दूर राहणाऱ्यांसाठी जणू मुद्दाम केलेली आहे. त्यातील एक वाचक अकोटला, दुसरा सिंगापूरला आणि तिसरी टेक्सासला असली तरी साखळी तुटत नाही. प्रसादातली अंबाडीची भाजी बाहेर आंध्र मंडळींच्या दुकानात गोंगुरा या नावाने मिळते, आणि फेब्रुवारीच्या बर्फात वऱ्हाडी गृहिणी तिच्या जुड्या तेथून आणून ज्वारीच्या कण्या घालून शिजवितात.

सणाबरोबर सुतकाचाही विचार करावा लागतो, कारण घरात मृत्यू झाला की कुळाचार थांबतो. भाऊबंदातील मृत्यूचे सुतक दहा दिवसांचे. पण वार्ता दहा दिवसांनंतर कळली तर ते तीन दिवसांवर किंवा केवळ स्नानावर येते, अशी धर्मशास्त्राची तरतूद आहे. पत्रांच्या काळात ही तरतूद परदेशी कुटुंबांना नेहमी लागू पडे. अमरावतीचे पत्र पंधरा दिवसांनी हाती येई, तोवर तेथील महालक्ष्म्या जेवून गेलेल्या असत आणि सणाला दोष लागत नसे. काही घरांत वडीलधारी मंडळी सणाच्या तोंडावर अशी पत्रे मुद्दाम उशिरा टाकीत. दूरध्वनी स्वस्त झाल्यावर ही सवलत संपली: आता चुलत्याच्या निधनाची बातमी अकोल्याच्या शेजारघराइतक्याच वेळात न्यू जर्सीला पोहोचते, आणि चिरून ठेवलेल्या सोळा भाज्या घरच्यांच्या साध्या जेवणात जातात. जगाच्या दोन टोकांना राहणारे एक घराणे अशा वेळी पुन्हा एकाच सुतकात येते, आणि त्या वर्षी दोन्हीकडचे मुखवटे पेटीतच राहतात.